ठेक्यात गेलेलं पाणी

मी एक जुना रांजण आहे. टाकवे बुद्रुकच्या कुंभाराने मला घडवले आणि गावकऱ्यांनी मैदानात, चिंचेखाली, अर्धा जमिनीत पुरले. मित्रांनो, तीस वर्षे मी तिथे होतो. समोरच्या घरातली धोंडाबाई रोज सकाळी मला विसळायची, विहिरीचे पाणी भरायची, तोंडावर ओले फडके बांधायची. खेळून तापलेली पोरे धावत माझ्याकडे येत आणि पोटभर पाणी पीत. याहून मोठे कौतुक मला नको होते.

यंदा एप्रिलात आमच्या मैदानावर तालुक्याचे कबड्डी सामने ठरले. आयोजकांनी खाण्यापिण्याचा ठेका अतुल नावाच्या माणसाला दिला. फाटकावर पाटी लागली : 'बाहेरील खाद्यपदार्थ व पाणी आणण्यास सक्त मनाई'. पिशव्या उघडून लोकांच्या भाकऱ्या काढून घेतल्या. मी तर आतलाच होतो! तरी अतुलच्या माणसांनी पहार घालून मला उपटले. माझ्या पोटाला तडा गेला. भरलेले पाणी मातीत गेले.

धोंडाबाई हंडा घेऊन धावली. तिला फाटकातच अडवले.

"मावशी, करारात लिहिलंय. पाणी फक्त माझ्या स्टॉलवर," अतुल म्हणाला.

"आरं, पान्याचा बी ठेका घेतलास व्हय? आन् माजा रांजण कुनाला इचारून फोडलास?"

तो स्टॉलकडे निघून गेला. मी आडवा पडून जळत होतो.

भर दुपारी चढाई करून परतलेली एका संघातली कोमल तहानेने कोसळली. तिच्या मैत्रिणी स्टॉलकडे पळाल्या. तिथल्या माणसाने आधी पैसे मागितले. खेळायच्या कपड्यांत पैसे कुठले? तेवढ्यात रखवालदाराला ढकलून धोंडाबाई हंड्यासकट आत शिरली. तिने कोमलच्या तोंडावर पाणी मारले, घोटघोट पाजले.

कोमल उठून बसली. "मावशीचं पानी आत येऊ द्या," ती म्हणाली, "न्हाईतर आमी खेळनार न्हाई."

दोन्ही संघांनी मैदानातच बसकण मारली. प्रेक्षक ओरडू लागले. तेव्हा कुठे आयोजक धावत आले आणि पाटीवरचे 'व पाणी' खोडले. भाकरीवरची बंदी तशीच राहिली. माझी माफी कुणीच मागितली नाही.

आता चिंचेखाली धोंडाबाईचे दोन हंडे असतात. परवा एक आयोजक मला थोपटून म्हणाला, "छान दिसतोय. यात शोभेचं रोप लावू."

मित्रांनो, असे करू नका. मला पूजू नका, सजवू नका. माझ्या जागी नवा रांजण पुरा. आणि तो उपटायला कुणी पहार घेऊन आला, तर कोमलसारखे मैदानात बसा.