दोघांपुरती जागा

सासूबाईंनी संत्र्याची फोड सोलली, नखाने तिचे पांढरे धागे ओढून काढले, बी काढली आणि ती सुनेच्या ताटलीत ठेवली.

“खा. दिवसभर उभी असतेस तिकडे.”

सुनेने फोड तोंडात टाकली खरी, पण ती न चावताच गिळून वर पाणी प्यायली. सरकारी प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. गटार मिसळलेलं असो की उंदीर मेलेल्या टाकीतलं, बाटलीचं बूच काढून नाकाशी धरताना तिने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. घरातला हा गोडवा मात्र तिला सोसवत नव्हता.

बरीच वर्षं हंगामी म्हणून राबल्यावर तिची नोकरी कायम झाली होती आणि नोकरीबरोबर सरकारी आरोग्य विमा आला होता. नवरा आणि मुलगी त्यात आपसूक येत. त्यांच्याखेरीज आणखी दोघांची सोय होती. लग्न झालेल्या बाईने एकतर आईवडील घ्यायचे, नाहीतर सासूसासरे. एकदा नावं दिली की बदलायची नाहीत. मुदत शुक्रवारपर्यंत.

हे तिने घरात सांगितलं मात्र, सगळ्यांची भाषाच बदलली. तिच्या कामाला ‘बाटल्या विसळायची नोकरी’ म्हणणारा नवरा शेजाऱ्यांना ‘आमची ही सरकारी सेवेत असते’ असं सांगू लागला. नणंदेने फोन करून वहिनीच्या तब्येतीची चौकशी केली आणि त्याच दमात आईच्या मोतीबिंदूचा, बाबांच्या गुडघ्यांचा विषय काढला. नवरा तर तिचे पाय चेपून द्यायला निघाला, तेव्हा तिने पाय आखडून घेतले. सासरे तेवढे काही बोलत नव्हते. पुढच्या खोलीत खिडकीखाली खाटेवर बसून ते गुडघ्यांना तेल चोळत राहत. तिला त्याचीही किळस येई. सगळ्यांना ऐकू जाईल असं कण्हायचं आणि तोंडाने काही मागायचं नाही, हाही एक डावच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बुधवारी भावाचा फोन आला. एरवी तो तिचा फोन उचलतही नसे. आज मात्र वडिलांच्या मूत्रपिंडाचं दुखणं, आईची दमछाक, धंद्यातली मंदी असं बराच वेळ सांगत राहिला.

“ताई, आईबाबांचीच नावं लाव. जन्म दिलाय त्यांनी आपल्याला.”

तिने त्याला अट सांगितली. ज्यांची नावं लावायची, ते तिच्याच घरी राहायला हवेत. तो गप्प होईल, निदान अडखळेल तरी, असं तिला वाटलं होतं.

“मग काय, शनिवारी आणून सोडतो,” तो म्हणाला. “त्यांच्या गाद्याही देतो बरोबर.”

सुट्टी लागलेल्या पोरासारखा त्याचा आवाज हलका झाला होता. तिने बाबांना फोन द्यायला सांगितलं.

“इथेच बसलेत की. स्पीकरच चालू आहे.”

मग वडील म्हणाले, “तू तुझ्या सासरच्यांची लाव, बाळ. आमचं इथे बरं चाललंय.”

फोन ठेवून ती मोरीत गेली आणि साबणाने हात धुऊन आली. मग पुन्हा जाऊन धुतले.

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत जाऊन नावं दिली. खिडकीतल्या कारकुनाने, आता बदलता येणार नाही, माहीत आहे ना, असं विचारलं. तिने मान हलवली.

जेवायला बसल्यावर तिने घरात सांगितलं, आईबाबांची नावं दिली आहेत, शनिवारी ते इथे राहायला येतील. नवऱ्याने हातातला घास ताटात टाकला. मग माझ्या आईबापांनी काय करायचं, असं विचारून तो उत्तर न ऐकताच उठला. सासूबाई आत जाऊन भांडी आपटू लागल्या. तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं. निदान खरा तरी होता.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. आता हेही सुरू झाले, असं म्हणत, तोंडावर मारायचं उत्तर तयार ठेवून ती बाहेर आली.

सासरे वाकून आपली खाट खिडकीपासून पलीकडच्या भिंतीकडे ओढत होते. दर पावलाला गुडघा वाजत होता. त्यांची तेलाची बाटली, चष्मा, पांघरूण कोपऱ्यातल्या स्टुलावर आधीच जाऊन बसलं होतं.

“खिडकीपाशी वारा येतो,” ते मान वर न करता म्हणाले. “आजारी माणसाला बरा.”

त्यांनी खाट आणखी हातभर ओढली.

“सकाळचं ऊन मात्र थेट तोंडावर येतं. तुझ्या वडिलांना चालतं का?”

तिने आठवून पाहिलं. माहेरी बाबा कुठल्या कुशीवर झोपायचे, उजेड सहन व्हायचा की नाही, तिला काहीच सांगता येईना.

“विचारते,” ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिने खाटेची दुसरी बाजू उचलली.