कुरतडलेले गुडघे

कसाईखान्यातून आलेले जनावरांचे गुडघे सोलायचं काम तिच्याकडे होतं. वर्ष झालं, तरी हाताला चिकटणाऱ्या त्या बुळबुळीत रसाची किळस काही जाईना. हाडाच्या टोकावरची पांढरी, चकचकीत कूर्चा कापून ती बटणाएवढ्या चकत्या करायची आणि प्रयोगशाळेच्या बाई त्या यंत्राखाली दाबायच्या. बाईंना समजावून सांगायची भारी हौस.

"हलका, थांबत थांबत दाब दिला की आतल्या पेशी खूश," त्या एकदा म्हणाल्या. "पण तासन्‌तास जोर दिला की काही मरतात, उरलेल्या असली रसायनं सोडतात की स्वतःचंच घर कुरतडतात."

"मग आधीच दुखत का नाही?"

"कूर्चेत मज्जातंतूच नसतात गं. शेजारचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर सुजलं की मग बोंब. तोवर बरंच गेलेलं असतं."

तिला घरचे गुडघे आठवले. नवरा अठरा वर्षं थोरल्या भावाच्या हाताखाली गुडघ्यांवर बसून फरश्या बसवत होता.

त्याच संध्याकाळी मोठे दीर आले. बिस्कीट चहात बुडवून चोखत म्हणाले, "सोमवारपासून मोठा हॉल आहे. नऊशे फरश्या."

नवरा उठला तसा सुजलेला गुडघा कटकन वाजला. दीर खो खो हसले. "म्हातारा झाला की रे! तेल चोळ."

"भावजी, हे तेलानं जाणारं नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं गुडघे टेकून झालंय. खाली घ्यायला साधी गादी दिली नाहीत तुम्ही."

"हाडं सोलून डॉक्टरीण झाली!" त्यांच्या तोंडातला चुरा सदऱ्यावर उडाला. "नाचता येईना अंगण वाकडं. कामाचा कंटाळा, म्हणून गुडघा पुढे."

नवरा खाली बघत होता. मग सावकाश म्हणाला, "दादा, भिंतीच्या फरश्या लावीन, उभ्यानं. जमिनीच्या नाही."

"बाईलवेडा!" दीर तरातरा निघून गेले. त्यांच्या कपातला बिस्किटाचा गाळ तिनं नाक मुरडून ओतला.

नवरा आता दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो. सूज उतरली, पण गेलेली कूर्चा परत येत नाही, हे बाईंनी स्पष्टच सांगितलंय. जिना अजून एकेक पायरी करत चढतो.

परवा जाऊबाईंचा फोन आला. "माफी माग. हे मोठ्या मनाचे आहेत, घेतील परत."

मोठ्या मनाचे! तिला शिसारी आली. "त्या हॉलवर आता कोण आहे, ताई?"

"आहेत की दोघं. तुझ्या नवऱ्यापेक्षा तरणे. गादी-बिदी मागत नाहीत."

पुढचं ऐकवेना. तिनं फोन ठेवून दिला.