चौदाव्या अंकाचं शेवटचं पान

मँगनीजमानवाचे एकूण एकवीस अंक निघाले. त्यांतले वीस माझ्याकडे पूर्ण आहेत. चौदावाही आहे, पण त्याचं शेवटचं पान नाही. हे वाक्य मी गेली अकरा वर्षं निरनिराळ्या लोकांना सांगत आलोय, आणि ते ऐकून कोणाच्या हातातला घास थांबल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही, म्हणजे सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८३ साली तुमसरच्या एका राईस मिलवाल्याला प्रकाशक व्हायची हुक्की आली. 'बावनथडी चित्रकथा' असं नाव घेऊन त्याने तीन वर्षं बत्तीस-बत्तीस पृष्ठांची रंगीत पुस्तकं काढली. नायक खाणीतला मजूर. मँगनीजच्या ढिगाखाली गाडला जातो आणि तिसऱ्या दिवशी बाहेर येतो तो असा, की गोळी लागली तर टणकन आवाज व्हावा. बाहेर आल्याबरोबर मुकादम त्याला विचारतो, "तीन दिवस गैरहजर काहून होता?" तिथून त्याची अन्यायाविरुद्धची लढाई सुरू होते.

रंग असे की वाचून झाल्यावर दोन दिवस अंगठ्यावर राहायचे. एकविसाव्या अंकानंतर मालक मुकाट्याने मिलमध्ये परत गेला आणि उरलेल्या अंकांच्या पुड्यांत जिल्ह्याने दोन वर्षं चिवडा खाल्ला. म्हणून आज ते दुर्मिळ आहेत. ज्या वस्तूची कोणालाच गरज नव्हती, ती नाहीशी झाली की तिला भाव येतो. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्यांना हा नियम अजून लागू झालेला नाही. आम्ही नाहीसे होत नाही, निवृत्त होतो.

पण विकायला काढायचं कारण पैसा नव्हता. मी दमलो होतो. रद्दीच्या दुकानांत वाकून वाकून कंबर गेली. कोणाकडे तेरवीला गेलो, की घरचे आधी माळ्याची शिडी आत नेऊन ठेवत. आणि घरी रीता, माझी बायको, दर दिवाळीला एकच गोष्ट शांतपणे म्हणायची.

"ते कपाट माझ्या माहेरचं आहे बरं. साड्या ठेवायला दिलं होतं बाबांनी. त्यात तुमचा खाणीतला बुवा झोपून राहिला."

अशात पुण्याच्या धनंजय नावाच्या संग्राहकाचा फोन आला. माणूस गोड बोलायचा. एकवीसच्या एकवीस अंक असतील तर स्वतः गाडी घेऊन येतो म्हणाला. रविवारी नागपुरात त्याचं काम होतं.

"एक पान कमी असेल तर?" मी विचारलं.

"तर तो छंद झाला, सर," तो म्हणाला. "संग्रह नाही."

अकरा वर्षांत माझं इतकं अचूक निदान कोणी केलं नव्हतं. डॉक्टरनेसुद्धा कंबरेला नुसता पट्टा दिला होता.

आता त्या पानाबद्दल. ते कुठे असणार हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि म्हणूनच मी ते सगळीकडे शोधत होतो, तिथे सोडून.

वडील मोहाडीला शिक्षक होते तेव्हाची गोष्ट. बस स्टँडजवळ चिंधू नावाचा विणकर सकाळी मागावर कोशाचं, म्हणजे सोनेरी टसर रेशमाचं, कापड विणायचा आणि दुपारी बाजेवर पुस्तकं मांडून भाड्याने द्यायचा. पोरं पुस्तक घेऊन मामाच्या गावी जात आणि पुस्तक मामाकडेच राही. अनामत रक्कम मागावी तर पोरांकडे ती कुठून असणार? चिंधूने त्यावर स्वतःचा तोडगा काढला. नवं पुस्तक आलं, की तो अर्ध्या ब्लेडने त्याचं शेवटचं पान कापायचा आणि फाइलला लावून ठेवायचा. पुस्तक घरी न्या, वाचा. शेवट पाहिजे? परत आणून द्या, बाकावर बसा, पान वाचा, घरी जा. वाचताना पानाच्या कोपऱ्यावर चिंधूचं बोट. आमच्या पिढीच्या मोहाडीकराने गोष्टीचा शेवट घरी बसून वाचलेला नाही.

चौदावा अंक मी शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नेला. अकरा वर्षांचा होतो. वडिलांची बदली कोंढ्याला झाली आणि पुस्तक परत करायचं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. बदली पुस्तक नेल्यानंतर दोन दिवसांनी झाली. दोन दिवस पुष्कळ असतात. मला ते पुस्तक हवं होतं, इतकंच.

तीस पृष्ठांवर माझ्याकडची गोष्ट थांबते ती अशी. खलनायक दुसरा एक राईस मिलवाला. (इथे प्रकाशकाची धंद्यातली स्पर्धा डोकावते असं समीक्षक म्हणाले असते, समीक्षक मिळाले असते तर.) त्याने मँगनीजमानवाला दोरांनी बांधून मिलच्या पट्ट्यावर टाकलेलं आहे. पट्टा सरकतोय. यंत्राचं तोंड पायांपासून वीतभर लांब. शेठ हसतोय. पुढे कापलेल्या पानाची बोटभर कड.

या जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाला एक बाई मुलीला घेऊन आल्या. अर्जावर पत्ता मोहाडीचा होता. त्यांनी माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली, मग मला वाचलं.

"तुम्हीच काय ते प्रविण सर? गुरुजीचे?"

"हो."

"आमच्या मामाजींकडे एक पान आहे तुमचं."

ही चिंधूची सून रेणू. त्यानंतर मला तिथे न जायला निमित्त उरलं नाही.

पहिल्या खेपेला मी रिकाम्या हाताने गेलो. हे धोरण होतं: आधी अंदाज घ्यायचा. चिंधूकाकाजी ओसरीवर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. मागे माग होता, त्यावर कपडे वाळत होते. भिंतीशी तोच बाक.

"काकाजी, ओळखलं का?"

"ओळखलं ना. गुरुजीचा प्रविण. चौदा नंबर." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "पुस्तक आणलं का?"

"नाही, म्हटलं आधी भेटून घ्यावं..."

"मंग भेट झाली. चाय पिऊन जा."

मी दंड भरायची तयारी दाखवली. त्यांनी माशी उडवल्यासारखा हात हलवला. मग मी पानाची किंमत विचारली, आणि ती चूक झाली.

"पान विकाले ठेवलं काय मी? कोणाले विकलं आजवर? पुस्तक जमा कर, पान वाच, घरी जाय."

"पण काकाजी, वाचनालय बंद होऊन तीस वर्षं झाली."

"दुकान बंद झालं. नियम कायले बंद होईल?"

चहा घेऊन आलेली रेणू हसली. "सर, दुकान बंद केलं ना, तेव्हा मामाजींनी सगळी पानं परत शिवली पुस्तकाले. तीनशेच्या वर होती. अन् मंग रद्दीत दिली. माह्या सासूबाई म्हणे, अहो, रद्दीवाला काय शेवट वाचते काय?"

"रद्दीवाला नाही वाचत," काकाजी म्हणाले. "चिवडा खाणारा वाचते ना."

मी कपातच बघत राहिलो. माझ्या वीसपैकी सहा अंकांचं शेवटचं पान सोनेरी धाग्याने शिवलेलं आहे. ती प्रकाशकाची खास बांधणी आहे, असं मी धनंजयला फोटोसकट लिहून पाठवलं होतं.

"एकच पान राहिलं फाइलीत," काकाजी म्हणाले. "त्याचं पुस्तक आलं नाही."

घरी येऊन मी रीताला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती.

"मग द्या ना नेऊन. त्यांचंच आहे ते."

"आणि संच?"

"आता तरी कुठे पूर्ण आहे?"

"पण निदान एकवीस आहेत."

"वीस आहेत," ती म्हणाली. "अन् एक चोरीचा."

शनिवारी मी चौदावा अंक प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुन्हा मोहाडीला गेलो. मनात बेत तयार होता. पुस्तक जमा करायचं, पान वाचायचं, आणि मग म्हातारा खूष असताना दोन्ही एका दिवसासाठी भाड्याने मागून घ्यायचं. दुसरा दिवस रविवार, धनंजय यायचा. पन्नाशीचा माणूस अकराव्या वर्षी केलेलंच पुन्हा करतो, फक्त जरा वाकून.

काकाजींनी पुस्तक पाकिटातून काढलं, डोळ्यांपाशी नेलं आणि एकेक पृष्ठ उलटलं. सतराव्यावर थांबले.

"हा डाग कायचा?"

"वरणाचा."

"जेवताना वाचत होता?"

"हो."

"तरी म्हणत होतो मी पोराहीले, जेवताना नका वाचू." मग ते आत गेले आणि फाइल घेऊन आले. पुठ्ठ्याच्या जाड फाइलीत एकुलतं एक पान. ते त्यांनी माझ्यापुढे बाकावर ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं.

मी वाचलं. पट्टा सरकतो. शेठ हसतो. मँगनीजमानव डोळे मिटतो. पुढची चौकट पूर्ण काळी, आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत: 'अरे! लाइट गेली!' पट्टा थांबतो. शेठ हात चोळत बाहेर विचारायला जातो, की फक्त आपलीच गेली की सगळ्यांची. तेवढ्यात मिलमधला एक हमाल घरी जाता जाता दोर सोडून देतो. शेवटच्या चौकटीत मँगनीजमानव पाटावर बसला आहे आणि बायको भात वाढते आहे. ती म्हणते, 'आज उशीर झाला.' समाप्त.

एक ठोसा नाही. मी पान उलटून मागचं पुढचं परत पाहिलं. चाळीस वर्षं मी तो पट्टा तोडत होतो. शेकडो प्रकारे तोडला होता. एकदा तर स्टाफ मीटिंगमध्ये.

"इतकंच?" मी म्हणालो.

"मंग? तुले काय पाहिजे होतं?"

"वाटलं होतं, दोर तोडेल. शेठला धरेल."

"सगळी पोरं हेच म्हणत." काकाजी पहिल्यांदा हसले. "म्हणून तं इथं बसवून वाचाले देत होतो. घरी वाचलं असतं, तं भाडं परत मांगाले आले असते."

मग सुई आणायला ते आत गेले. बाकावर पुस्तक, शेजारी पान, आणि मी. रेणू मागच्या अंगणात होती. दार उघडं होतं, स्कूटर दारात होती. अंक चौदा, पूर्ण, सगळ्या महाराष्ट्रात कदाचित एकच, माझ्या मांडीपासून वीतभर लांब. मी हिशेब केला: उठायला इतका वेळ, उंबरठा ओलांडायला इतका, आणि स्कूटरला चार किका, कारण तिचं बटन गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. तेवढ्या वेळात ते आतून येऊन मला पाणीही विचारून गेले असते. पळण्यातही वयाची अट असते. मी बसून राहिलो. हा प्रामाणिकपणा होता की कंबर, हे मला आजही सांगता येणार नाही.

काकाजींनी सुईत कोशाचा धागा ओवला, पहिल्याच प्रयत्नात, चष्मा कपाळावर चढवून. उरलेल्या कडेवर पान जुळवलं आणि बारीक टाके घातले. शेवटी एक गाठ मारली, ती बोटाला लागतसुद्धा नव्हती. पुस्तक मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि वरून एकदा हात फिरवला. रिकामी फाइल रेणूला हाक मारून आत पाठवून दिली. "मुलीच्या कॉलेजले होईल," म्हणाले.

मी घसा साफ केला. "काकाजी, आता मी हे एका दिवसासाठी नेऊ का? भाड्याने?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या बेताची लाज वाटली. "ने ना, बापू! कायले नाही? पुस्तक त्यासाठीच हाये." आणि त्यांनी कोनाड्यातून अर्धं ब्लेड काढलं.

मला समजायला क्षणभर लागला. तोवर त्यांनी शेवटचं पान उचलून ब्लेड टाक्यांपाशी टेकवलं होतं.

"काय करून राहिले, काकाजी?"

"नेतो म्हणे ना तू?"

"आता तर शिवलं तुम्ही!"

"मंग? नियम तं नियम हाये. परत आणजो, परत शिवू."

त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. मी मनगट धरलं. "राहू द्या. कापू नका. नाही नेत."

"मंग?"

"इथंच वाचतो."

खिशात फोन वाजला. धनंजय होता. वाजू दिला, आणि थांबल्यावर त्याला लिहिलं: 'चौदावा अंक पूर्ण आहे. मोहाडीत आहे. माझा नाही. माझा छंदच होता.' बाकीच्या विसांचं काय, असा त्याचा उलट निरोप आला. तो मी रीतासाठी ठेवला. कपाट तिचं आहे.

मग बाकावर पाठ टेकवून मी पहिल्या पृष्ठापासून सुरुवात केली. रेणूने चहा आणून ठेवला, पुस्तकापासून लांब. काकाजी शेजारी बसून माझ्याबरोबर पानं बघत होते. बोट कोपऱ्यावर नव्हतं, पण लांबही नव्हतं. सतरावं पृष्ठ आलं, तेव्हा त्यांनी वरणाच्या डागावर नख टेकवलं.

"हा तुहा हाये," ते म्हणाले.