पिचरच्या हातावरची धूळ

पुंडलिक उंबरकरांच्या अंगावर दिवसातून दोनदा धूळ साचत असे आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई ती फडक्याने पुसत असत. सकाळी चहाआधी, संध्याकाळी दिव्याआधी. बेसबॉलच्या चांगल्या खेळाडूंना लोक विसरले की त्यांच्यावर धूळ बसते, त्यात नवल काहीच नव्हतं. त्यांच्या संघातला कॅचर खामगावात आपल्याच बैठकीत धुळीखाली गेला होता. पोरांनी ढीग चोपून सपाट केला आणि त्यावर टीव्ही ठेवला. टीव्हीवर बहुतेक क्रिकेटच चालू असे.

"बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेटच ना?" असं विचारणाऱ्या गावाने आपल्याला लक्षात ठेवावं, अशी उंबरकरांची अपेक्षाही नव्हती. गाढवाला गुळाची चव काय!

त्यांचा उजवा हात मात्र मनगटापासून पुढे लख्ख होता. अठ्ठ्याऐंशी सालच्या अंतिम सामन्यात पिचर म्हणून चेंडू टाकताना याच हाताने त्यांनी वासुदेव लव्हाळेला बाद केलं होतं. शेवटचा चेंडू सरळ आला, लव्हाळेने बॅट फिरवली आणि चेंडू बॅटीखालून हळूच बुडाला. तसा चेंडू पुढे कोणाला जमला नाही, खुद्द उंबरकरांनाही नाही. तेव्हापासून लव्हाळे रोज सकाळी दात घासताना त्या हाताला शिव्या देत असे. छत्तीस वर्षांत एक खाडा नाही. त्या शिव्यांनी हात स्वच्छ राही.

एका मंगळवारी हातावरही धूळ आली. यमुनाबाईंनी पुसली, फडकं झटकलं, वळून पाहिलं तर पुन्हा बोटभर.

"लव्हाळे गेले की काय?" त्या म्हणाल्या.

"तो कसला मरते! आळशी झाला असंन," म्हणत उंबरकरांनी एसटी गाठली. कंडक्टरने त्यांना पोतं समजून सामानाचं तिकीट फाडलं.

लव्हाळे आपल्या ओसरीवर सुपात हरभरे सोलत बसला होता. तोंडावर लोण्यासारखं हसू.

"या पुंडलिकराव. म्या तुमाले माफ केलं."

"काऊन बा?"

"सात दिवसाच्या शिबिराले गेलतो. माफ केलं की पोट साफ राह्यते म्हणे. राह्यते, खरंच."

उंबरकरांना किळस आली. छत्तीस वर्षांचा कमावलेला राग या माणसाने पोटासाठी सोडला होता. इथे पुसायला यमुनाबाई नव्हत्या. धूळ गळ्यापर्यंत चढली आणि श्वास जड झाला.

"तुले बॅट धरता येत नव्हती, वासुदेवा. झाडू धराले पाह्यजे होता."

"खरं हाये," लव्हाळे हसून म्हणाला आणि त्याने हरभऱ्याचं सूप पुढे सरकवलं.

धूळ ओठांशी आली तेव्हा उंबरकर बोलले. "तो चेंडू खोटा होता. थुका लावला होता म्या त्याले. पंचाले ठाऊक होतं."

थुंकी लावली नव्हती. चेंडू कोरडा होता, खरा होता, आणि आयुष्यात खरं म्हणावं असं उंबरकरांपाशी तेवढंच होतं.

सूप उलटं झालं. "चोट्ट्या!" लव्हाळे गरजला. उंबरकरांच्या गळ्यावरची धूळ तडकून खाली पडली.

मग अख्खी गल्ली धावून आली. त्यातल्या एकालाही बेसबॉल कळत नव्हता, पण चोरी सगळ्यांना उत्तम कळत होती. लोकांनी चोराचं नाव विचारलं, नीट ऐकलं, पाठ केलं. उंबरकर, पुंडलिक उंबरकर. चांगला खेळत होता तेव्हा एकानेही एवढी तसदी घेतली नव्हती. जो तो थुंकला तशी धूळ निखळत गेली. कान मोकळे झाले, छाती मोकळी झाली, सदरा इस्त्री केल्यासारखा दिसू लागला. उंबरकरांना कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

"कोन्या हातानं टाकला रे?" मागून कोणीतरी ओरडलं.

उंबरकरांनी ऐटीत हात वर केला. वर आला तो मनगटापर्यंतचाच. पुढचा पंजा ओसरीवरच्या धुळीच्या ढिगात राहिला होता. ते खाली बसले आणि डाव्या हाताने ढीग उपसू लागले. खाली नुसती फरशी लागली.