ठिपक्याच्या अलीकडे

दोन ठिपके होते. एक मोठा, ठसठशीत, गुलाबी. आणि त्याच्या बराच पुढे दुसरा – अर्धा खरवडलेला, नखानं काढायचा प्रयत्न करून मग सोडून दिल्यासारखा. डिकीत वाकून, मोबाइलचा उजेड तिरपा धरून ती अ‍ॅम्पच्या कडेवरच्या त्या इवल्याशा गोल बटणाकडे पाहत राहिली. गेनच्या बटणाची खाच पहिल्या ठिपक्यावर नेमकी टेकलेली होती. रंग तिच्याच नेलपॉलिशचा. सोळाव्या वर्षी हौसेनं आणलेलं आणि दोनदा लावून टाकून दिलेलं... बाबांनी ते कचऱ्यातून उचललं आणि पुढची कैक वर्षं ती बाटली गाड्यांना स्पीकर बसवायच्या आपल्या दुकानात, सोल्डरच्या रिळाशेजारी, थिनर घालून घालून जगवली.

"ताई, अगं दमानं बघ, पण सांग तरी काय झालंय ते." आतेभाऊ मागच्या सीटवर आडवा होऊन डोकावत होता. बाबा गेल्यावर त्यांची गाडी आता त्याच्याकडे जायची होती. आत्याची तशी इच्छा होती आणि हिची हरकत नव्हती. "मामांच्या गाडीचा आवाज असा? मामा सिग्नलला थांबले की शेजारच्याचे आरसे हलायचे. आणि हे काय, कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय जसं."

"वूफर ठीक आहे. गेन कमी आहे," ती म्हणाली.

"मग वाढव की. बटणच तर आहे."

बटणच तर आहे. प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणायचं, आणि बाबा प्रत्येकाला तेच सांगायचे – अहो, हे आवाजाचं बटण नाही. पुढचा रेडिओ किती जोरात बोलतो त्याप्रमाणे मागच्या अ‍ॅम्पनं कान किती उघडा ठेवायचा, ते ठरवायचं बटण आहे. जास्त उघडलात तर तो ऐकणार नाही, किंचाळेल, आणि किंचाळून किंचाळून वूफर जाळेल. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि चार दिवसांनी घरी बसून बटण पिळायचंच. म्हणून तर ठिपका. गेन लावून झाला की खाचेसमोर ठिपका, म्हणजे उद्या कुणी हात लावला तर कळावं.

तिनं वूफरच्या तारा सोडवल्या आणि मीटर काढलं. रेडिओ पाऊण आवाजावर, बेस बूस्ट बंद, पेनड्राइव्हवरचा माप घ्यायचा एकसुरी घुमणारा नाद. दीडशे वॅट, चार ओहम – म्हणजे साडेचोवीस व्होल्ट. हे गणित ती डिप्लोमाला शिकून आली तेव्हा तिनं ते दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिलं होतं, आणि बाबांनी त्याखाली खुर्ची सरकवून बसत म्हटलं होतं, "छान आहे. पण आवाज फाटायच्या आधी घट्ट होतो. ते तुझ्या भिंतीला कळतं का?" ते वूफरच्या खोक्यावर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे, दुसऱ्या हातानं स्क्रू-ड्रायव्हर केसाएवढा फिरवायचे. घट्ट झाला की किंचित मागे. मग ठिपका.

मीटरवर आकडा थरथरला आणि स्थिरावला. अकरा पूर्णांक दोन.

अकरा... निम्म्याहूनही कमी. एवढं खाली कुणी लावत नाही. घाबरलेला माणूस लावतो.

टॅक्सीवाला आला होता ती दुपार. तिला ती आठवायची नसते, पण ती तिची तीच आठवते. दोन दिवसांपूर्वी बसवलेला वूफर जळाला म्हणून तो दारातच आरडाओरडा करत होता, आणि बाबा शांतपणे म्हणत होते, "मी लावला तेव्हा बरोबर होता." तिनं मीटर लावलं. एकतीस, हवं त्याहून कितीतरी जास्त. तिला त्या आकड्यानं – खरं बोलायचं तर – आनंद झाला होता. हाच तर शब्द आहे, आनंद. आणि त्या आनंदातच ती टॅक्सीवाल्यासमोर म्हणाली, "बाबा, तुम्हाला आता फाटलेलं ऐकू येत नाही. मान्य करा ना."

बाबांनी एकच विचारलं होतं. "ठिपका बघितलास का?"

"ठिपक्यानं काय होतंय? आकडा समोर आहे."

त्यांनी हात पुसले. टॅक्सीवाल्याला पदरचा नवा वूफर बसवून दिला. संध्याकाळी तिच्या हातात तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर ठेवला आणि म्हणाले, "इथून पुढं तूच लावत जा." त्यानंतर दोन वर्षं ते तारा ओढायचे, गालिचे उचलायचे, फ्यूज बसवायचे आणि गेनची वेळ आली की चहाला जायचे. तिला ते समंजसपणाचं वाटलं होतं.

ठिपका मी बघितला नव्हता. पण त्यांनी? वूफर बदलताना त्यांचं नाक त्या बटणापासून वीतभर होतं. खाच ठिपक्यावरून सरकलेली असती, टॅक्सीवाल्यानं बटण पिळलेलं असतं, तर त्यांना दिसलंच असतं. मग बोलले का नाहीत? लेकीचं तोंड पडू नये म्हणून? की खाच ठिपक्यावरच होती... की ती तिथंच असेल या भीतीनं त्यांनीही बघितलं नाही? टॅक्सीवाला पुन्हा आला नाही, आणि बाबांना आता विचारता येत नाही. रोज एका टेबलावर जेवताना विचारता येत होतं तेव्हा – दोन वर्षं – मीठ दे, पाणी दे, एवढंच विचारलं.

"ताई? झोपलीस की काय?"

"नाही रे."

तिनं स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घातला आणि सावकाश फिरवला. पंधरा. एकोणीस. खाच त्या खरवडलेल्या जुन्या ठिपक्यासमोर आली तेव्हा तिनं हात थांबवला आणि लगेच मीटरकडे पाहिलं नाही. मग पाहिलं.

चोवीस पूर्णांक तीन.

निव्वळ कानानं, मीटर न लावता. पण हे कधीचं? कान चांगले होते तेव्हाचं, की त्या दुपारच्या आदल्या आठवड्यातलं? रंगाला तारीख नसते. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं, एवढंच कळत होतं की एके दिवशी बाबा या डिकीत असेच वाकले, स्वतःच्या हातानं लावलेलं बरोबर माप नखानं खरवडू लागले, आणि अर्ध्यावर थांबले.

"जमलं का? किती आलं?" आतेभावानं विचारलं.

आकडा बरोबर होता. तारा जोडून डिकी लावली की काम संपणार होतं. तिनं मीटर बंद केलं. गेन पार शून्यावर आणला, वूफरच्या तारा जोडल्या, खोक्यावर तळवा ठेवला.

"आता परत काय?"

"कानानं लावते."

नाद तळव्यातून कोपरापर्यंत चढला. तिनं डोळे मिटले. थोडं पुढे, अजून थोडं... आवाज भरत गेला, गोल होत गेला, आणि मग कुठंतरी – घट्ट झाला? की तिला व्हायला हवा होता म्हणून झाला? ती केसाएवढी मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"तुला फाटल्यासारखं वाटतंय का रे?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू सांग."

तू सांग. तिच्या मानेवर त्याची नजर होती, वाट पाहणारी, पूर्ण भरवशाची. आणि मिटल्या डोळ्यांच्या अंधारात आधाराला एकही आकडा नव्हता. असे उभे राहायचे ते. रोज, दिवसातून चार-पाच वेळा, कुणाच्या तरी नजरेसमोर... आणि तरी म्हणायचे, बरोबर आहे.

"थांब जरा," ती म्हणाली. "ऐकू दे मला."