सासूबाईंनी वाढवलेली हिरवी पट्टी

मी एक हिरवी पट्टी बोलतेय. ऑनलाइन धड्यांच्या खाली, पडद्याच्या पार तळाशी असते ना, तीच! धडा पुढे सरकला की मी लांब होते. आणि धड्यांच्या बाबतीत, खोटं कशाला बोलू, मी भारी खादाड.

माझा जन्म एका जुन्या टॅबमध्ये झाला. माझी मालकीण शर्टांच्या कारखान्यात अकरा वर्षं कॉलर जोडत होती. तिथे पॅटर्न मास्तरची जागा निघाली. दीड महिन्याने परीक्षा, आणि संगणकावर कपड्यांचे नमुने आखता यायला हवेत. "आई, ही संधी गेली तर जन्मभर कॉलरच," असं सासूबाईंना सांगून तिने छत्तीस धड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला.

पहिल्या दिवशी काय तो उत्साह! नवी वही, तीन रंगांची पेनं. मी एका दमात दोन धडे वाढले. दुसऱ्या दिवशी अर्धा. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब धड्यासमोर डुलक्या काढू लागल्या. मग उद्या नक्की, उद्या नक्की करत आठवडा गेला आणि मी आपली उंदराच्या शेपटीएवढीच.

आणि एका दुपारी चमत्कार! धडा सुरू झाला. मग दुसरा. रोज दोन-दोन, तीन-तीन! कानात वारं शिरलेल्या वासरासारखी मी उधळले.

सून कामावर गेली की सासूबाई मटार सोलत धडे चालवायच्या. सून दमून येते, तेवढाच तिचा भार हलका, एवढंच त्यांच्या मनात. मी शंभर टक्के भरले त्या संध्याकाळी त्यांनी टॅब तिच्यासमोर धरला.

"बघ, सगळं उरकून ठेवलंय. तू नुसती परीक्षा देऊन ये."

"अहो आई, ही काय धुणीभांडी आहेत, तुम्ही केली काय नि मी केली काय!"

तिने घाबरून सराव परीक्षा सोडवली. चाळीसपैकी सात. चिडून टॅब सासूबाईंकडे सरकवला. "घ्या, तुम्हीच द्या!" सासूबाईंनी चष्मा लावला. चाळीसपैकी एकतीस! दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या, आणि मग अशा हसत सुटल्या की मटार घरभर झाले.

हसू ओसरल्यावर सुनेने 'पहिल्यापासून सुरू करा' दाबलं. मी किंचाळले, पण ऐकतंय कोण? शंभरावरून थेट शून्य! परीक्षेला उरले होते अठरा दिवस.

आता रोज दोन धडे. "आज राहू द्या ना आई, पाठ मोडलीय." "मग उभ्याने बघ." मधेच धडा थांबवून सासूबाई विचारायच्या, "बाही जोडायचा मुंढा कुठून गोल करायचा, सांग." चुकली की धडा मागे. मला भयंकर राग यायचा.

अकराव्या दिवशी सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. घरात टोकणारं कुणी नाही. मालकीण आली, चपला काढल्या, पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझा जीव टांगणीला! तिने तोंडावर पाणी मारलं, वही उघडली आणि स्वतःच्या हाताने धडा लावला. चुकल्यावर मागेही स्वतःच नेला. त्या दिवशी मी फक्त दीड धडा वाढले, पण इतका आनंद मला शंभर टक्क्यांनीही झाला नव्हता.

आज परीक्षा. मी पुन्हा पूर्ण भरलेय. काम संपलं, आता मला पुसून टाकतील. टाकू देत! जाता जाता एवढंच सांगते बाबांनो, माझ्या लांबीवर भाळू नका. मी कुणाच्याही बोटाने वाढते, मला तेवढी अक्कल नाही. रोज थोडं, पण स्वतः बसा.

थांबा, थांबा, फोन वाजतोय! सासूबाई धडपडत धावल्या.

"आई, एकोणचाळीस! चाळीसपैकी एकोणचाळीस! जागा आपली!"

सासूबाई हसल्या, रडल्या, पदराने नाक पुसलं. मग मला जवळ ओढून त्यांनी चष्मा लावला आणि फोनमध्ये विचारलं, "एक कुठला चुकला गं?"