डाळिंबाच्या नक्षीचे खापर

थिआनोच्या लग्नाला तीन वर्षे झाली, त्या वर्षीचा वसंत अथेन्सवर दबकत उतरला. टेकडीवरचे देऊळ पीतवर्ण उन्हात न्हाले, जैतुनाची पाने वाऱ्याने रुपेरी पालथी झाली. पण खाली चौकात माणसे एकमेकांच्या मुठींकडे बघत होती.

तो खापरांचा दिवस होता. जो नगराला जड झाला, त्याचे नाव फुटक्या खापरावर कोरायचे आणि कुंपणाच्या आत पालथे टाकायचे. ज्याच्या नावाची खापरे जास्त, तो दहा वर्षे हद्दपार. घरदार, बायकामुले मागेच राहायची.

थिआनोचा बाप मेलांथस, जातीचा कुंभार, रांगेत सरकत होता. जावई फिलाग्रस सभेत मधुरभाषी, घरात मात्र कसा, हे भिंतींनाच ठाऊक. लेक माहेरी यायची ती मनगटे झाकून. काडीमोड घेऊन तुला परत आणतो, असे बाप एकदा म्हणाला होता.

"मी सुटेन, बाबा," ती म्हणाली होती. "मूल त्याचंच राहील."

म्हणून लेकीचा संसार तरी टिकावा, या हिशेबाने त्याने जावयाच्या वैऱ्याचे नाव खापरावर कोरून ते कमरेला खोचले होते.

दाराशी एकजण टोपलीतून तयार खापरे वाटत होता. "घ्या आजोबा. कोरायचे कष्ट नकोत."

मेलांथसने अंगठा फिरवला. काळी झिलई. कडेला तांबडी डाळिंबे. ज्या पेल्याचे हे खापर, तो त्याने स्वतः घडवला होता, एकच, लेकीच्या लग्नासाठी. आणि त्यावर नाव होते फिलाग्रसचे.

संशय सापासारखा सरसरला. लेकीच्या घरात कोण फितूर? स्वयंपाकीण? घोड्यांचा गडी? कुठून आली ही, असे त्याने विचारले. एक म्हातारी दाई वस्त्राखाली झाकून ठेवून गेली, एवढेच त्या माणसाला माहीत होते.

मग त्याने अक्षरे पाहिली. उजवीकडे चढत गेलेली, टेकडी चढणाऱ्या शेळ्यांसारखी. फिरत्या चाकावरच्या ओल्या मातीत जो लिहायला शिकतो, त्याचीच अक्षरे अशी चढतात. सबंध अथेन्सात अशी दोनच माणसे होती. एक तो. दुसरी त्याच्या मांडीवर बसून शिकलेली.

मागून तेलवाला नेओक्लीस हसला. "मेलांथस, जावयाला तारायला आलास की बुडवायला?"

"माझी मूठ मी उघडत नाही," मेलांथस म्हणाला, "आणि तूही उघडू नकोस."

तो आत गेला. कमरेचे खापर कमरेलाच राहिले. हातातले त्याने पालथे टाकले, आणि मातीवर माती पडल्याचा बारीकसा आवाज झाला, समुद्राने एक शिंपला ठेवून माघारी जावे तसा.

दहा दिवसांत फिलाग्रस नगर सोडून गेला. जाताना त्याने मित्रांवर संशय घेतला, गड्यांवर घेतला, देवांवरही घेतला. दारात मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे मात्र त्याने नीट पाहिलेसुद्धा नाही.

मेलांथस त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात वारला. फिलाग्रस चौथ्या वर्षी, द्राक्षतोडणीच्या महिन्यात, एजिना बेटावर तापाने गेला.